तिला विचारायचं राहून गेलं

माझी बायको मागच्या श्रावणापासून जवळपास होळीपर्यंत आजारी होती. आजार मनाचा होता. गावात आम्ही थायरॉईड सांगत होतो. थायरॉईड हा आमच्याकडे सोयीचा आजार आहे. त्यात माणूस सुकलं तरी चालतं, सुजलं तरी चालतं आणि कुणी खोलात जात नाही.

मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. नंदुरबारजवळच्या कोरीटच्या पलीकडे आमचं गाव, तिथून रोज मोटारसायकलने शाळेत जातो. थोरले भाऊ शेती बघतात, त्यांना आम्ही आबा म्हणतो. घर एकच आहे. आई, आबा, वहिनी, त्यांचा मुलगा-सून, आणि आम्ही दोघं. माझी मुलगी प्राजू शहाद्याला फार्मसी शिकते, मुलगा ओम नाशिकला वसतिगृहात असतो. बायकोचं नाव इथे लता लिहितो. नावं आणि एक-दोन खुणा बदलल्या आहेत, बाकी सगळं घडलं तसं आहे.

वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येईल तो आधीच निकालात काढतो. मुलगी होती म्हणून आम्ही गर्भ पाडला नाही. मुलगा की मुलगी हे आम्हाला कधी कळलं नाही, तेवढे दिवसच झाले नव्हते. माझा गुन्हा वेगळा आहे.

आठ आठवडे

लता एकेचाळीस वर्षांची. दोन महिने पाळी आली नाही तेव्हा तिला वाटलं, ती जायचेच दिवस आले. थकवा होता, उलटीसारखं व्हायचं. नंदुरबारला एका बाईडॉक्टरकडे गेलो. त्यांनी तपासलं, सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, "आठ आठवडे झालेत."

लता हसली. लाजून नाही. हरवलं म्हणून सोडून दिलेलं भांडं एकदम फळीवर दिसावं तशी हसली. मी ते हसू पाहिलं, आणि लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागलो.

माझ्या डोक्यात दोन गोष्टी होत्या. प्राजूला पुरुषोत्तमनगरचं स्थळ आलं होतं, मुलगा कारखान्यात केमिस्ट. पोरीला बघायला पाहुणे येणार आणि आईचं पोट पुढे, हे मला सहन होत नव्हतं. दुसरी गोष्ट कानबाई. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो: नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ-दागिने, रात्रभर गाणी आणि सोमवारी डोक्यावर मिरवत नदीला विसर्जन. आमच्या भाऊबंदकीत दहा घरं आहेत आणि देवी पाळीपाळीने एकेका घरी बसते. त्या वर्षी दहा वर्षांनी ती आमच्या घरी येणार होती. भाऊबंदकीत कुठेही सुतक असलं तर देवी बसत नाही. गर्भ पडला तरी आमच्यात सुतक धरतात. म्हणजे पाडायचा तर कुणाला न कळता.

परतताना मोटारसायकलवर मागून लता माझ्या आईबद्दल म्हणाली, "मायले एकदाव इचारूत का?"

"मायले कसाले? गावभर व्हई," मी म्हणालो.

ती पुढे काही बोलली नाही. वाऱ्यात ऐकू आलं नसेल असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. डॉक्टरांनी तिच्याकडे बघून विचारलं, "ताई, तुमची काय इच्छा आहे?" लताने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आमचं ठरलंय मॅडम." कागदावर सही फक्त तिची लागते, नवऱ्याची लागत नाही, हे ऐकून मला नवल वाटलं होतं. मग मी कागदावर बोट ठेवलं आणि तिला सांगितलं, इथे कर.

डॉक्टर म्हणाल्या, गोळ्यांनी होईल, रक्तस्राव पाच दिवस चालेल, कुणाला पंधरा दिवसही चालतो. मी पाच ऐकलं. मी मनात हिशोब केला. बुधवारी पहिली गोळी, शुक्रवारी दुसऱ्या, पुढच्या बुधवारपर्यंत सगळं आटोपेल, रविवारी कानबाई. आईला सांगितलं की लताची पाळी आली आहे, जरा जास्त आहे. आई म्हणाली, बरं, पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाली की झालं.

शुक्रवारी लता मागच्या खोलीत होती. मी शाळेत गेलो. घटक चाचणी होती. खोटं कशाला लिहू, मी रजा टाकू शकलो असतो.

रोटाचे गहू

पाचव्या दिवशी रक्त थांबलं नव्हतं. सातव्या दिवशीही नाही. आईने विचारलं, "न्हायनी का व?" लताने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. ती न्हाली आणि स्वयंपाकघरात आली. खोलीत तिने मला विचारलं, देवीचं आहे, कसं करायचं? मी म्हणालो, कोणाला कळणार आहे. चार दिवस निभाव.

कानबाईच्या रोटासाठी घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू काढतात. ते गहू दळून जो प्रसाद होतो तो भाऊबंदांनीच खायचा, बाहेर द्यायचा नाही. घरात कोणी बाई गरोदर असेल तर पोटातल्या जिवाच्या नावानेही आमच्याकडे मूठ घेतात. आबांची सून तेव्हा पाच महिन्यांची होती. आई मुठी मोजत होती आणि लता सूप धरून समोर बसली होती.

"आबानी, तुन्ही, ओमनी, हाई नातूनी," आई म्हणत होती. मग हसून तिने आणखी एक मूठ घेतली. "आन हाई पंतूनी. पोटमा शे ते बी आपलंच माणूस शे."

सूप हललं नाही. मी दारात उभा होतो आणि मला सूपच दिसत होतं, कारण लताच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

त्या दोन दिवसांत तिने सगळं केलं. पुरण वाटलं, पाहुणे जेवू घातले, थकलेल्या आईचे पाय चेपले. सोमवारी घरातल्या सुनेने चौरंग डोक्यावर घ्यायचा असतो. तिने घेतला आणि बँडमागून नदीपर्यंत चालली. लोक मला म्हणाले, सर, तुमच्याकडची कानबाई या वर्षी फार सुंदर झाली. मला बरं वाटलं. तेही लिहून ठेवतो. मला खरंच बरं वाटलं होतं.

थायरॉईड

आठवड्याने रक्त थांबलं. मला वाटलं, संपलं.

लता भांडी दोनदा घासायला लागली, मग तीनदा. देवघरात जाईना. आईने दिवा लावायला सांगितलं तर म्हणायची, तुम्हीच लावा. प्राजू सुटीला आली, तिने नवा ड्रेस आईला दाखवायला पुढे केला, तर लताने हात मागे घेतले. "मन्हा हात चांगला नहीत," ती म्हणाली. प्राजूला वाटलं हाताला हळद-तेल लागलंय.

पितृपक्षात पुरुषोत्तमनगरकडून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. असे निरोप येतात. लताने मात्र तो ऐकला आणि त्या दिवसापासून जेवण जवळजवळ सोडलं. केस विंचरायची नाही. दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, झोप नव्हती. मी चिडायचो. "उठ, जरा बाहेर बैस," असं मास्तरकीच्या आवाजात सांगायचो. रागावर उपाय म्हणून फळं आणायचो. पपई, केळी, मोसंबी. ती कुजायची आणि वहिनी गायीला घालायच्या.

आईला वाटलं बाहेरचं काही लागलं. ती तिला एका भगताकडे घेऊन गेली. मी अडवलं नाही. मी विज्ञान मंडळाचा प्रमुख आहे शाळेत, मुलांना ग्रहणं शिकवतो, आणि मी अडवलं नाही, कारण भगत काहीही म्हणाला तरी खरं कारण झाकलेलंच राहणार होतं. भगत म्हणाला, देवीचा कोप आहे. त्याने अंदाजाने दगड मारला. तो नेमका तिच्या जखमेवर बसला.

थायरॉईडची तपासणीही केली. ती साफ आली. तरी गावात आम्ही थायरॉईडच सांगत राहिलो.

दिवाळीनंतर, सुटीला आलेली प्राजू अजून घरीच असताना, तिचा फोन आला. तिने मला शाळेत फोन कधी केला नव्हता.

"पप्पा, तुम्ही घरी या."

"काय झालं?"

"काही झालं नाही. मम्मीने मला तिच्या साड्या दिल्या. गळ्यातली पोत दिली. ओमचे स्वेटर कुठे आहेत, पापडाचं पीठ कसं भिजवायचं, सगळं सांगितलं. आणि म्हणाली, आता तुला सगळं ठाऊक झालं." तिने आवाज खाली आणला. "पप्पा, ती आवरतेय सगळं. मी तिच्याजवळ बसलेय, तुम्ही येईपर्यंत उठणार नाही."

मी आल्यावर लताजवळ बसलो. तिने शांतपणे सांगितलं की ती नसली तर घरावरचा कोप जाईल. रडली नाही. त्या शांतपणाची मला जितकी भीती वाटली तितकी आयुष्यात कशाची वाटली नाही. प्राजू म्हणाली, मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायचं, उद्या नाही, आत्ता. मी गावाचं नाव काढलं. प्राजू म्हणाली, "गाव गेलं खड्ड्यात. गाडी बोलवा."

हे वाचणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे. घरातलं माणूस असं वाटून-देऊन मोकळं होऊ लागलं, किंवा मी नसले तर बरं असं म्हणालं, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. आम्ही नशिबाने नेलं. नशीब म्हणजे माझी एकोणीस वर्षांची मुलगी.

बाहेरचा बाक

त्या डॉक्टरही बाईच होत्या, वयाने प्राजूपेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी लताला विचारलं, "झोप लागते?" मी म्हणालो, "नाही लागत." त्यांनी विचारलं, "हे कधीपासून?" मी म्हणालो, "श्रावणापासून." त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सर, तुम्ही पाणी पिऊन या."

"मला तहान नाही मॅडम."

"मग बाहेर बसा."

बाहेर बाकावर एक गृहस्थ बसले होते. नंदुरबारच्या बाजारातले शिलाईवाले, रशीदभाई. त्यांची बीबी दोन वर्षांपासून इथे दाखवत होती. माझं तोंड बघून ते सरकले आणि जागा दिली.

"पहली बार निकाला क्या?"

मी मान हलवली.

"मेरेको तीन बार निकाला. मैं बोलता बहुत था ना. मेरी बीबी को क्या होता, वो मैं ही बताता था. डाक्टरनी बोली, चाचा, तकलीफ आपको है या इनको?" ते हसले. "बाहर बिठाया तो समझो अंदर काम चालू है. बैठो आराम से. चाय बोलता हूँ."

पाऊण तास मी तिथे बसलो. दार बंद होतं. आतून आधी डॉक्टरांचा आवाज, आणि मग लताचा. काय बोलत होती ते कळत नव्हतं, पण ती बोलत होती. सलग. गेल्या तीन महिन्यांत मी तिचं सलग वाक्य ऐकलं नव्हतं.

मला आत बोलावलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, तीव्र नैराश्य आहे, काही दिवस दवाखान्यात ठेवावं लागेल. गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे जातील, तोवर धीर धरा. मी चाचरत विचारलं, "ते... गोळ्या घेतल्या होत्या श्रावणात, त्यामुळे झालं का?"

"गर्भपाताने मन बिघडतंच असं नाही," त्या म्हणाल्या. "बहुतेक बायका त्यातून सावरतात. पण यांना त्यानंतर आठ दिवस आराम नाही, रडायला जागा नाही, आणि सांगायला माणूस नाही. वर पापाची भीती. एवढं एकटीने उचलल्यावर कुणीही वाकेल."

त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

बायकांचा वॉर्ड

बायकांच्या वॉर्डात पुरुषाला राहता येत नव्हतं. वहिनी राहिल्या. कापूस वेचणीचे दिवस, घरात मजूर, तरी त्या पिशवी भरून आल्या. त्यांना अजून थायरॉईडच माहीत होतं. आल्या आणि सगळ्या पेशंटांची ओळख करून घेतली.

वॉर्डाचा दिनक्रम ठरलेला. सकाळी सहाला चहा, मग गोळ्या, आठला अंघोळ, दहाला डॉक्टर, दुपारी आवारात तीन फेऱ्या. वहिनींना ते सगळं फार आवडलं. "आठे दवाखानामा चहा बी नंबरवर देतस," त्या मला म्हणाल्या, "आपला घरमा तं कोनी इचारत नही, पेनी का नही पेनी. लता, मी बी भरती व्हई जास का?" लता पहिल्यांदा किंचित हसली ती त्या वाक्याला. मी चार ते सहा भेटायला जायचो. नवव्या दिवसापर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी तिच्या पायाशी बसून थर्मासचं झाकण लावायचो आणि काढायचो.

दहाव्या दिवशी तिने खिडकीकडे बघत बोलायला सुरुवात केली.

"डाक्टरीणनी माले इचारं, तुम्हले काय वाटे तव्हय. माले सांगता उनं नही. माले कोनी इचारेलच नव्हतं."

पुढचं मी तिच्या बोलीत लिहीत नाही. ते नेमकं पोहोचायला हवं. ती म्हणाली, "मला मूल हवं होतं का, ते मला खरंच माहीत नाही. सोनोग्राफीच्या वेळी आनंद झाला होता. घरी येईतो वाटलं, या वयात परत तान्हं सांभाळायचं, माझी कंबर जाते. कदाचित मीच नको म्हणाले असते. कदाचित ठेवू म्हणाले असते. दोन दिवस मिळाले असते तर मला कळलं असतं. आता कधीच कळणार नाही. मला त्या पोराचं दुःख आहे की माझं, हेही कळत नाही."

मी म्हणालो, "चुकलं माझं."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "ते सांगून तुम्हाला बरं वाटेल. मला काय?"

शेजारच्या खाटेवरची बाई झोपेचं सोंग घेऊन ऐकत होती. वहिनी दारात पाण्याची बाटली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी बाटली ठेवली, लताच्या मागे बसल्या, फणी घेतली आणि तिच्या केसांतला गुंता सोडवायला लागल्या. वहिनी गप्प बसलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या.

आईला सांगितलं ते

बारा दिवसांनी लता घरी आली. बरी झालेली नव्हती, पण जेवत होती. दर पंधरा दिवसांनी आम्ही दवाखान्यात जायचो. मी न सांगता बाहेरच्या बाकावर बसायचो. कधी रशीदभाई भेटायचे. बीबीसाठी शिवलेल्या कुर्त्याचं माप कसं बिघडलं ते तपशिलाने सांगायचे, आणि तेवढाच अर्धा तास मी माझा विचार करायचो नाही.

देवघराची भीती मात्र जात नव्हती. डॉक्टर म्हणाल्या, गुपिताचं ओझं उतरल्याशिवाय ती भीती उतरणार नाही, पण कुणाला सांगायचं ते लताने ठरवायचं. लता मला म्हणाली, "मायले सांगा. मी नही सांगाव. तुम्ही सांगा."

मी तीन आठवडे टाळलं. शेवटी माघात एका दुपारी, आई ओट्यावर डाळ निवडत होती तेव्हा सांगितलं. गोळ्या, पाळीचं खोटं, देवी, सगळं.

तिचे हात चालूच राहिले. "कितला महिनानं व्हतं?"

"दोन."

"त्या दिनले तिनी मन्हा पाय चेपात," आई म्हणाली. मला वाटलं आता लताला बोल लावेल, आणि मी उत्तर तयार ठेवलं होतं. ते लागलंच नाही.

"ती नही सांगू शकनी. तू तं मास्तर शेस. पोरेसले शिकाडस. तुन्हं तोंड कोनी धरेल व्हतं?"

आईने ताट बाजूला ठेवलं आणि निवाडा केला. सुतक लपवून देवी बसवली, भाऊबंदांना रोट खाऊ घातला. जो लपवतो त्याने प्रत्येक घरी नारळ ठेवून चुकलो म्हणायचं, ही आमच्यातली रीत. नऊ घरं आहेत, तुला जावं लागेल. संध्याकाळी तिने लताला दिवा लावायला बोलावलं नाही. स्वतःच लावला, आणि लतासाठी ताट वाढून तिच्या खोलीत घेऊन गेली. माझ्याशी ती त्यानंतर पंधरा दिवस बोलली नाही.

नऊ नारळ

मला खरं तर सुटल्यासारखं झालं. शिक्षा मिळाली की माणसाला मोकळं वाटतं. रविवारी सकाळी नऊ नारळ पिशवीत घातले, धुतलेला सदरा घातला. प्रत्येक घरी काय बोलायचं ते मनात पाठ केलं होतं: माझ्या बायकोचा गर्भ मी पाडायला लावला, सुतक लपवलं, दोष माझा.

अंगणात वहिनी मिरचीचे देठ खुडत होत्या.

"भाऊजी, नारय लई कथा निंघनात?"

कुठे निघालोय ते मी सांगितलं.

त्यांनी हात थांबवला. "लताले इचारं का?"

मी तिथेच उभा राहिलो. पिशवी जड होती. इतकं सगळं होऊन, दवाखाना, बाक, ते पंधरा-पंधरा दिवसांचे फेरे होऊन, मी पुन्हा तिच्या पोटातली गोष्ट घेऊन नऊ घरी निघालो होतो आणि ती आत चहा पीत होती.

आत गेलो. तिच्यासमोर बसलो आणि विचारलं, "भाऊबंदांना सांगू का? काय सांगू? तुला काय वाटतं?"

ती म्हणाली, "विचार करून सांगते."

मी पिशवी खुंटीला लावली. सोमवार गेला, मंगळवार गेला. मला रोज विचारावंसं वाटायचं, मी विचारलं नाही. पाचव्या दिवशी मी शाळेतून आलो तर लता वहिनींबरोबर मिरचीच्या ढिगापाशी बसली होती. तोंडाला ओढणी बांधलेली, नुसते डोळे दिसत होते.

"सुतक लपवलं, एवढं सांगा," ती म्हणाली. "कशाचं ते सांगू नका. कुणी कितीही विचारलं तरी. ते तुमचं नाही."

मी नऊ घरं केली. तीन रविवार लागले. लोकांनी विचारलंच. एका चुलत्याने नारळ हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि म्हणाला, "सांगस बी आन लपाडस बी. कसा मास्तर शे रे तू?" एका घरी मला पाणी विचारलं नाही. एका घरी ठरवलं की पुढच्या पाळीला कानबाई आमच्याकडे नको. आबा माझ्यावर भडकले, घराची अब्रू गेली म्हणाले. मी सगळीकडे एकच सांगितलं: चूक माझी आहे, बाकी सांगता येणार नाही. घरी आलो की लता विचारायची, "आज किती झाली?" मी सांगायचो, चार, सहा. होळीच्या आदल्या आठवड्यात म्हणालो, नऊ. ती उठली, हात धुतले, एकदाच धुतले, आणि कणीक मळायला बसली.

आता ती बरी आहे. गोळ्या चालू आहेत, डॉक्टर म्हणतात अजून सहा महिने तरी घ्यायच्या. काही दिवस जड जातात. नागपंचमी जवळ आली की काय होईल, ते आम्हाला माहीत नाही. देवघरात ती कधी जाते, कधी नाही. कोणी काही म्हणत नाही.

मला वाटलं, माझ्यासारखे अजून असतील. बाईला प्रश्न विचारला की आधी तोंड उघडणारे. म्हणून हे लिहिलं, आणि छापायला देण्याआधी तिच्या हातात दिलं. ती ओट्यावर बसून दोन दुपारी वाचत होती. मधूनच म्हणाली, "मन्ही कंबर कसाले लिखी?" पण ते राहू दिलं. मग वह्या तपासायची माझी लाल पेन्सिल घेतली आणि एका पानावर आडवी रेघ मारली. त्या पानावर तो शुक्रवार होता, मागच्या खोलीतला, तिने मला नंतर सांगितला तसा मी लिहिलेला. पूर्ण लेखात मला तेच पान सगळ्यांत चांगलं जमलं होतं.

"हाई मन्हं शे," ती म्हणाली. "हाई छापानं नही."

मी ते पान वहीतून सोडवलं आणि तिला दिलं. तिने घडी घातली आणि आत गेली. कुठे ठेवलं, ते मी पाहिलं नाही.